गाडी बाहेर, पाय आत: फ्लोरेन्स पायी बघण्याबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

माझं मूळ गाव कोल्हापूर, सध्या मुक्काम म्युनिक. सकाळी लवकर गाडी काढली, ब्रेनरच्या घाटातून आल्प्स ओलांडला की संध्याकाळपर्यंत फ्लोरेन्स येतं. आतापर्यंत तीन खेपा झाल्या, त्यातली एक आई-बाबांना घेऊन. इटलीत रोड ट्रिप आखणारे नातेवाईक आणि मित्रमंडळी फोन करून जे विचारतात, त्याची उत्तरं एकदाच नीट लिहून काढली आहेत. मिलान ते रोम असा प्रवास करणाऱ्यांना फ्लोरेन्स वाटेतच लागतं आणि बरेच जण त्याला एकच दिवस देतात, म्हणून एका दिवसाचा हिशोब धरला आहे. दोन दिवस मिळाले तर फारच उत्तम.

गाडी थेट गावात नेली तर काय बिघडतं?

दंड होतो, आणि तो घरी आल्यावर कळतो. जुन्या शहराचा बहुतेक भाग झेडटीएल, म्हणजे ठरावीक वाहनांनाच प्रवेश असलेला आहे. तिथं नाका नाही, बॅरिकेड नाही, शिट्टी वाजवणारा पोलीस नाही. रस्त्याच्या तोंडाशी कॅमेरा असतो, तो नंबरप्लेटचा फोटो घेतो आणि तुम्ही आत गेलेले असता. रस्ता चुकलात, वळून दुसऱ्या गल्लीतून परत आत शिरलात, तर तो दुसरा गुन्हा आणि दुसरा दंड.

आमची पहिली खेप भाड्याच्या गाडीनं झाली. कॅमेऱ्याखालच्या फलकावर दिव्यांची अक्षरं होती, ‘वार्को अत्तीवो’. अत्तीवो म्हणजे चालू, म्हणजे रस्ता चालू, असं समजून आम्ही बिनदिक्कत पुढे गेलो. खरा अर्थ नेमका उलटा: कॅमेऱ्याची चौकी चालू आहे, आत येऊ नका. मध्ये ‘नॉन’ असेल तरच जाता येतं. काही महिन्यांनी आधी गाडीवाल्या कंपनीनं आमचं नाव-पत्ता पोलिसांना कळवल्याची फी कापली, मग दंडाची नोटीस आली. एका पाटीचा अर्थ चुकला आणि दोन रात्रींच्या हॉटेलचे पैसे गेले. म्हणून हा प्रश्न सगळ्यात वर ठेवला आहे.

हॉटेल झेडटीएलच्या आत असेल तर बुकिंग करतानाच त्यांना विचारा. सामान उतरवण्यासाठी ते तुमच्या गाडीचा नंबर नोंदवून देऊ शकतात. नोंद झाल्याची खात्री लेखी घ्या, मगच आत शिरा.

आणखी एक: रस्त्यावरच्या पाट्यांवर फ्लोरेन्स लिहिलेलं नसतं. फिरेंझे शोधा.

मग गाडी ठेवायची कुठे?

माझं उत्तर ठरलेलं आहे: विल्ला कोस्तान्झा. ए-१ या हमरस्त्यावर, शहराच्या नैऋत्येला, पेट्रोलपंपाकडे वळावं तसं वळून थेट या पार्किंगमध्ये शिरता येतं. टोलनाक्यातून बाहेर पडावं लागत नाही. गाडीनं गावात जायची वाट तिथून नाहीच, परत हमरस्त्यालाच लागता येतं. माणसं मात्र पलीकडच्या बाजूनं बाहेर पडतात आणि समोर टी-१ ट्रामचं शेवटचं स्टेशन असतं. वीस-पंचवीस मिनिटांत सांता मारिया नोव्हेल्ला रेल्वे स्टेशनजवळ उतरायचं. तिथून मुख्य कॅथेड्रल चालत दहा मिनिटं.

ट्रामचं कागदी तिकीट चढल्यावर यंत्रात घालून छापून घ्या. नुसतं खिशात असलेलं तिकीट म्हणजे विनातिकीट.

गावाजवळ रस्त्याकडेला गाडी लावायचीच असेल तर रंग लक्षात ठेवा: पांढरी रेघ साधारणपणे फुकट (पण काही भागांत फक्त तिथल्या रहिवाशांसाठी), निळी पैसे देऊन, पिवळी राखीव. पांढरी रेघ मिळाली तरी खांबावरची पाटी वाचा. आठवड्यातल्या एका ठरावीक वेळी रस्ता धुतात आणि त्या वेळी उभी असलेली गाडी उचलून नेतात.

सामान गाडीत राहिलं तर चालेल का?

डिकीत, आणि तेही पार्किंगला पोहोचण्याआधी आत टाकलेलं. मागच्या सीटवर काहीही दिसेल असं ठेवू नका. चार्जरची वायरसुद्धा नको. पासपोर्ट अंगावरच.

भारतातलं लायसन्स चालतं?

सोबत आंतरराष्ट्रीय परवाना लागतो. तो निघण्यापूर्वी भारतातल्या आरटीओकडूनच काढा, इटलीत मिळत नाही. टोलनाक्यावर पिवळ्या पाटीची टेलिपासची रांग टाळा. ती यंत्र बसवलेल्या गाड्यांसाठी आहे. म्युनिककडून येणार असाल तर ऑस्ट्रियाचा विन्येट, म्हणजे हमरस्ता वापरायचा पास, लागतो आणि ब्रेनरच्या रस्त्याचा टोल त्याहून वेगळा भरावा लागतो.

एका दिवसात पायी कितपत बघून होतं?

लोकांना वाटतं त्यापेक्षा पुष्कळ, कारण जुनं शहर लहान आहे. कॅथेड्रलपासून पोंते व्हेक्क्यो हा जुना पूल रमतगमत पंधरा मिनिटांवर. आम्ही जातो तो क्रम असा: स्टेशन, कॅथेड्रलचा चौक, तिथून सरळ दक्षिणेला पियाझ्झा देल्ला सिन्योरिया हा चौक, मग पूर्वेला सांता क्रोचे हे चर्च, नदीकाठानं परत पुलावर, आणि पूल ओलांडून ओल्त्रार्नो, म्हणजे आर्नो नदीपलीकडचं फ्लोरेन्स. चामड्याचं काम करणारे, लाकडी चौकटींवर सोन्याचा वर्ख चढवणारे कारागीर अजून या पलीकडच्या गल्ल्यांत बसतात. दुपारनंतर सांतो स्पिरितोच्या चौकात एखाद्या बाकावर बसून राहा. दिवसभरात एवढी एक गोष्ट तरी घाई न करता करा.

पायात जुने, मुरलेले बूट हवेत. सगळीकडे दगडी फरसबंदी आहे, फुटपाथ कुठे कुठे दोन वीत रुंद, समोरून कोणी आलं की एकानं खाली उतरायचं. नवे बूट घालून गेलात तर दुपारी तीनला शहर संपतं.

कॅथेड्रलच्या घुमटावर चढावं का? किती पायऱ्या आहेत?

४६३, आणि लिफ्ट नाही. पर्वती लागोपाठ साडेचार वेळा चढल्यासारखं आहे. शेवटचा टप्पा घुमटाच्या दोन कवचांमधून जातो. भिंत अंगावर कललेली, वाट अरुंद, मध्येच माघारी वळायची सोय नाही. गुडघे, दम किंवा बंद जागेची भीती यांतलं काही असेल तर जाऊ नका.

पण जमत असेल तर जरूर चढा. कॅथेड्रलचं काम १२९६ मध्ये सुरू झालं. शंभर वर्षांहून जास्त काळ लोटला तरी मध्यभागी प्रचंड भगदाड उघडंच होतं, कारण साधारण ४५ मीटर रुंदीवर घुमट उचलायचा कसा हे कोणालाच ठाऊक नव्हतं. खालून लाकडी आधार द्यायचा तर तेवढं लाकूड कुठून आणणार? फिलिप्पो ब्रुनेलेस्कीनं १४२० ते १४३६ या काळात तो आधाराशिवाय बांधला. विटा नुसत्या आडव्या रचल्या नाहीत. ठरावीक अंतरावर उभ्या विटा घालून आडव्या विटांना अडकवून ठेवलं. माशाच्या काट्यासारखी ही वीण जिना चढताना हाताच्या अंतरावर दिसते. मी तिथं थांबून एका उभ्या विटेवर बोट ठेवलं. चुना ओला असताना तिनं शेजारणींना घसरू दिलं नाही, म्हणून वरचा सगळा डोलारा उभा राहिला. खालून पाहताना घुमट सुंदर वाटतो, आतून चढताना तो समजतो.

वेळ ठरवून आधी तिकीट काढावं लागतं. ऐनवेळी मिळेल या भरवशावर राहू नका.

तिकीट न काढता, नुसतं चालताना काय बघण्यासारखं आहे?

हा माझा आवडता प्रश्न.

कॅथेड्रलच्या मागच्या बाजूला जा. चौकाच्या करड्या फरशीत पांढऱ्या संगमरवराची एक गोल चकती बसवलेली आहे. घुमटाच्या टोकावर वेरोक्कियो या शिल्पकाराच्या कारखान्यात घडवलेला सोनेरी मुलाम्याचा तांब्याचा गोळा १४७१ मध्ये बसवला होता. १६०१ च्या जानेवारीत वीज पडली, गोळा सुटला आणि खाली आदळला, त्या जागेची ही खूण. नंतर वर पहिल्यापेक्षा मोठा गोळा चढवला. चकतीवर उभं राहून मान वर केली की तो किती उंचावरून आला असेल ते पोटात जाणवतं. शेकडो माणसं त्यावरून न बघता जातात.

तिथून व्हिया देई नेरीच्या रस्त्यानं सांता क्रोचेकडे निघालात की व्हिया सान रेमिज्योच्या कोपऱ्यावर थांबा. भिंतीवर एकाखाली एक दोन पाट्या आहेत. खालची जुनी, लाटांच्या रेघांकडे बोट दाखवणारा कोरीव हात असलेली: ४ नोव्हेंबर १३३३, आर्नोचं पाणी इथपर्यंत आलं. वरची १९६६ ची. तारीख तीच, ४ नोव्हेंबर. सहाशे तेहतीस वर्षांनी त्याच दिवशी नदी परत आली आणि आधीपेक्षा वर चढली. ही पाटी डोक्याच्या बरीच वर आहे, मान वर करूनच वाचावी लागते. बाबा तिथं बराच वेळ उभे होते. २०१९ मध्ये पंचगंगेचं पाणी ज्यांनी बघितलंय, त्यांना भिंतीवरची अशी रेघ समजावून सांगावी लागत नाही.

१९६६ च्या पुरात सांता क्रोचेमधला चिमाबुए या जुन्या चित्रकारानं रंगवलेला क्रूस चिखलपाण्यात सापडला आणि त्यावरचा बराचसा रंग कायमचा गेला. राष्ट्रीय ग्रंथालयातली पुस्तकं चिखलातून काढायला देशोदेशीची तरुण मुलं आली. त्यांना तिथं अजून ‘चिखलातले देवदूत’ म्हणतात. क्रूस सांता क्रोचेतच आहे, रंग गेलेले भाग तसे कळतील अशा पद्धतीनं दुरुस्त केलेला. मायकेलअँजेलो आणि गॅलिलिओ यांच्या कबरी याच चर्चमध्ये आहेत. आत जायला तिकीट लागतं, तेवढं काढा.

जुन्या वाड्यांच्या दारांशेजारी कमरेएवढ्या उंचीवर छोट्या कमानीच्या खिडक्या दिसतील, एक बाटली आत-बाहेर होईल एवढ्याच. जमीनदार घराणी आपल्या मळ्यातली वाइन यातून थेट विकायची. शहरात अशा दीडशेहून जास्त आहेत. मुलं सोबत असतील तर त्यांना मोजायला लावा, चालण्याची कुरकूर थांबते.

पत्ता सापडत नाही. घरांचे नंबर असे उलटसुलट का?

कारण एकाच रस्त्यावर दोन मालिका चालतात. राहत्या घरांचे नंबर निळे किंवा काळे, दुकानं आणि खाणावळींचे लाल. दोन्ही स्वतंत्र. त्यामुळे लाल १५ आणि निळा १५ यांच्यात शंभर पावलांचं अंतर असू शकतं. पत्त्यात आकड्यानंतर ‘आर’ हे अक्षर असेल तर तो लाल, म्हणजे दुकानाचा.

उफिझी आणि डेव्हिड, दोन्ही एका दिवसात?

होतात, पण मग शहर होत नाही. एक निवडा. उफिझी हे चित्रांचं संग्रहालय, मायकेलअँजेलोचा डेव्हिड हा पुतळा अकादेमिया या दुसऱ्या संग्रहालयात. दोन्ही सोमवारी बंद असतात. अठरा वर्षांखालच्या मुलांना प्रवेश मोफत. महिन्याच्या पहिल्या रविवारी सगळ्यांनाच मोफत, त्या दिवशीची रांग झेपेल का ते बघा.

उफिझी निवडलंत तर आन्ना मारिया लुइझा हे नाव लक्षात ठेवा. फ्लोरेन्सवर राज्य करणाऱ्या मेदिची घराण्याची ही शेवटची वारस. घराणं संपत आलेलं आणि राज्य दुसऱ्याकडे गेलेलं असताना १७३७ मध्ये तिनं करार केला, की हा सगळा संग्रह फ्लोरेन्सबाहेर हलवायचा नाही. आज आपण बोत्तिचेल्लीची चित्रं त्याच गावात बघतो, ते तिच्यामुळे. डेव्हिडची प्रतिकृती पियाझ्झा देल्ला सिन्योरियात उघड्यावर उभी आहे, मूळ पुतळा १८७३ पासून अकादेमियामध्ये आहे.

जुन्या पुलावर फार गर्दी असते म्हणतात. टाळावा का?

दुपारी टाळा, सकाळी आठच्या आधी जा. १३३३ च्या त्याच पुरात आधीचा पूल वाहून गेला, हा १३४५ चा. पूर्वी इथं खाटकांची दुकानं होती, १५९३ मध्ये त्यांना हटवून सोनारांना जागा दिली. ती आजही सोनारांचीच. १९४४ च्या ऑगस्टमध्ये माघार घेणाऱ्या जर्मन सैन्यानं शहरातले बाकीचे सगळे पूल उडवले, हा एक सोडला. शेजारचा सांता त्रिनिताचा पूल लोकांनी नदीतून दगड काढून पुन्हा होता तसा बांधला, आणि जुना पूल सगळ्यात छान दिसतो तो या शेजारच्या पुलावरून.

शाकाहारी माणसाची उपासमार होते का?

मुळीच नाही. तोस्काना, म्हणजे फ्लोरेन्सचा प्रांत, हा घेवड्याचा आणि पावाचा मुलूख आहे. रिबोल्लिता म्हणजे शिळा पाव, घेवडा आणि काळसर पालेभाजी यांचं दाट, चमचा उभा राहील असं सूप. पाप्पा आल पोमोदोरो म्हणजे टोमॅटोत शिजवलेला शिळाच पाव. आईनं पहिला घास घेतला आणि म्हणाली, ‘हे तर फोडणीच्या पोळीचं भावंड.’ शिळं वाया न घालवणारी घरं सगळीकडे सारखाच विचार करतात. दोन्ही सुपांत मांसाचं पाणी घातलंय का ते मात्र विचारा. पाव आळणी लागेल. तिथला पाव बिनमिठाचाच असतो. चीजच्या बाबतीत काटेकोर असाल तर पार्मेझान प्राण्यांच्या जठरातल्या रेनेटनं बनतं हे ध्यानात ठेवा. गाड्यांवर लाम्प्रेदोत्तो हे नाव दिसलं तर ते गाईचं जठर आहे.

दुपारी अडीचनंतर बऱ्याच खाणावळींची चूल बंद होते, ती संध्याकाळी साडेसातच्या सुमाराला पेटते. बिलात ‘कोपेर्तो’ दिसेल, तो बसण्याचा आकार. कॉफी काउंटरवर उभ्यानं घेतली तर स्वस्त.

आई-बाबांना झेपेल का?

सपाट भाग झेपतो. दर तासाला बसायचं, दुपारी एखाद्या चर्चमध्ये गारव्याला टेकायचं. खांदे आणि गुडघे झाकलेले हवेत, एक ओढणी जवळ ठेवा. पियाझ्झाले मिकेलान्जेलो या टेकडीवरच्या सज्जावरून सगळं शहर दिसतं, तिथं चढून जाऊ नका, बसनं जा आणि पायऱ्यांनी उतरा. पिण्याच्या पाण्याचे सार्वजनिक नळ आहेत, बाटली भरून घेत राहा. सार्वजनिक टॉयलेटला पैसे पडतात, सुटी नाणी हवीत.

फ्लोरेन्समध्ये कोल्हापूरच्या महाराजांची समाधी आहे, हे खरं का?

खरं आहे, आणि कुठल्याही मराठी माणसानं ती चुकवू नये असं मला मनापासून वाटतं.

छत्रपती राजाराम महाराज, कोल्हापूरच्या गादीवरचे दुसरे राजाराम. १८६६ मध्ये गादीवर आले. १८७० मध्ये ते इंग्लंडला गेले आणि या प्रवासाची रोजनिशी त्यांनी इंग्रजीत लिहिली. ती १८७२ मध्ये लंडनला छापली गेली. परतीच्या वाटेवर ते आजारी पडले आणि ३० नोव्हेंबर १८७० रोजी फ्लोरेन्समध्ये वारले. वय वीस वर्षं. फ्लोरेन्स तेव्हा इटलीची राजधानी होती, पण दहनाची रीत तिथं नव्हती. नगरपालिकेनं खास परवानगी दिली आणि शहराच्या पश्चिम टोकाला, आर्नो आणि मुन्योने या दोन नद्या मिळतात तिथं, अग्नी दिला गेला. परक्या मुलखातही सोबतच्यांनी संगम शोधला. आमच्याकडे प्रयाग चिखलीचा संगम ज्यांना ठाऊक आहे, त्यांना यामागचं मन कळेल.

१८७४ मध्ये त्या जागी छत्री उभी राहिली. ती चार्ल्स मँट यांनी आखली, ज्यांनी पुढे कोल्हापूरचा नवा राजवाडा आखला. आतला अर्धपुतळा चार्ल्स फ्रान्सिस फुलर या शिल्पकाराचा. तो पांढरा नाही, रंगवलेला आहे: डोक्याला पगडी, अंगावर दागिने, आणि चेहरा अगदी कोवळा. खाली चार भाषांत लेख कोरलेला आहे. राजाराम कॉलेजच्या फाटकातून मी तीन वर्षं आत-बाहेर केली, पण ते नाव ज्यांचं, त्यांचा चेहरा मला पहिल्यांदा इथं, नदीकाठी, चिनारसारख्या उंच झाडांखाली दिसला. बाबांनी चपला काढल्या. मीही काढल्या.

मागे तारांवर तोललेला मोठा पूल आहे, १९७८ मध्ये खुला झालेला. त्याचं नाव पोंते आल्लिंदियानो, म्हणजे ‘त्या भारतीयाजवळचा पूल’. तिथल्या माणसांना महाराजांचं नाव आठवेलच असं नाही, पण ‘लिंदियानो’ म्हटलं की कुठं जायचं ते सगळ्यांना कळतं.

तिथं जायचं कसं?

बागेचं नाव काशीने. मराठी कानाला त्यात काशी ऐकू येते, शब्दाचा अर्थ मात्र गाईगुरांचे गोठे. मेदिचींची ती शेतीवाडी होती. टी-१ ट्रामचा काशीने नावाचाच थांबा आहे. तिथून नदी डाव्या हाताला ठेवून बागेतून पश्चिमेला अडीच-तीन किलोमीटर सरळ चालत राहायचं. वाट सपाट आहे, सायकलीही भाड्यानं मिळतात. जाऊन-येऊन दोन तास धरा आणि अंधाराच्या आत परत या.

ही तीच ट्राम जी विल्ला कोस्तान्झाला, तुमच्या गाडीकडे जाते. त्यामुळे समाधी दिवसाच्या शेवटी ठेवली तर उलटा फेरा पडत नाही. मंगळवार असेल तर मात्र क्रम बदला आणि सकाळी आधी इथंच उतरा. त्या दिवशी बागेत नदीकाठानं आठवडी बाजार भरतो, भाजी, चीज, कपडे, रोपं, सगळं असतं. आम्ही फुलं तिथूनच घेतली होती.